वाढत्या अंगाची रायफल

बाबा, तुम्हाला रायफलीबद्दल विचारायचं होतं.

तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "मला काय विचारतोस? मी पुंगळ्या तपासणारा माणूस." ते खरंच आहे. एकतीस वर्षं तुम्ही त्या सरकारी कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या एकेक करून मापात घालून बघितल्यात आणि माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात एकदाही गोळी झाडली नाहीत. तरी विचारायचं तुम्हालाच आहे. इथे ज्याला ज्याला विचारलं त्याने एका दमात उत्तर दिलं. दुकानदाराने दिलं, ऑफिसातल्यांनी दिलं, इंटरनेटवर तर या विषयावर कायमची भांडणं चालू असतात. वस्तू हातात घेतल्याशिवाय मत न देणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही, आणि तुम्हाला जाऊन आता सव्वीस वर्षं झाली.

प्रश्न साधा आहे. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी एकच बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची, सगळ्याला चालेल अशी, तर कुठली घ्यावी? बोल्ट-ॲक्शन म्हणजे तुमच्या ओळखीचीच, पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीसारखी, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायची. सगळ्याला म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणापासून मोंटानातल्या एल्कपर्यंत. एल्क म्हणजे आपलं सांबर समजा, पण घोड्याच्या वजनाचं. आणि घ्यायची आहे तुमच्या नातीसाठी. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. वीस वर्षांची आहे, इथेच जन्मली, मला 'तू' म्हणते, रागावते मराठीत आणि माफी मागते इंग्रजीत. उत्तरेकडच्या एका कॉलेजात वन्यजीवांचा अभ्यास करते. या नोव्हेंबरात तिला हरणाला जायचंय आणि पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर मोंटानात एल्कला. तिचं म्हणणं, नवी रायफल कशाला, तुझी बेसमेंटमध्ये नुसती पडून आहे, तीच दे. ती रायफल तिला देऊ नये हे मला पक्कं माहीत आहे. पण का देऊ नये हे सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मी तिच्याशी जे खोटं बोललो तेही सांगावं लागेल. शनिवारी आम्ही दोघं नेमबाजीच्या रेंजवर जाणार आहोत. आज बुधवार आहे, आणि मी घरून काम करतोय अशी ऑफिसची समजूत आहे.

मी आणि शिकार, याचं तुम्हाला हसूच येईल. झालं असं की मिनेसोटात, ईडन प्रेरी गावात घर घेतलं तेव्हा शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे, जन्मभर लेथवर काम केलेले. पहिल्या हिवाळ्यात मला फावड्याने बर्फाशी झटताना बघून ते न विचारता आपलं यंत्र घेऊन आले, माझा ड्राइव्हवे साफ करून दिला आणि वर हरणाच्या मांसाची दोन पाकिटं हातावर ठेवून गेले. तुमची सून म्हणाली, याचं मी करू काय? मी म्हटलं, आई रविवारी मटण करायची तसं कर. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजला, आईने पाठवलेला काळा मसाला घातला, कुकरच्या चार शिट्ट्या जास्त केल्या. पहिला घास खाल्ला आणि मी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. तुम्ही बनियनवर स्टुलावर बसलाय, कांदा चिरताय, आणि एक फोड जाड झाली म्हणून ती बाजूला काढून पुन्हा दोन करताय. आई म्हणतेय, "अहो, रश्शात विरघळणार आहे तो." तुम्ही म्हणताय, "विरघळेपर्यंत तरी सारखा असू दे." त्या दिवशी मी तीन वाट्या रस्सा प्यायलो आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना विचारलं, मला न्याल का?

इथे त्यासाठी आधी सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. वर्गात सगळी बारा वर्षांची मुलं आणि मागच्या बाकावर मी, चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला. परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले, ही बातमी तुमच्या सुनेने इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्या काकूंपर्यंत पोचवली. पहिली दोन वर्षं मी शेजाऱ्यांचीच जुनी रायफल वापरली. दस्त्याचं पॉलिश उडालेलं, ताकदीने मध्यम, हातात धरली की गप्प बसणारी. दोन वर्षांत दोन गोळ्या, दोन हरणं, दोन्ही उभी होती त्याच्या दहा पावलांत पडली. हरीण पडलं की आनंद होतो म्हणतात, मला तसा झाला नाही, पण काम नीट झाल्याचं समाधान झालं. तुमच्या चेहऱ्यावर कारखान्यातून आल्यावर जे दिसायचं तेच ते असावं.

मग मला स्वतःची घ्यावीशी वाटली, आणि तिथे माझं डोकं फिरलं. मी पोटासाठी सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवतो. त्यामुळे मी जे करायला नको तेच केलं, एक्सेल शीट उघडली. अठरा रायफली, तेवीस रकाने. वजन, नळीची लांबी, चापाचा ताण, तीनशे यार्डांवर गोळीत उरणारी ताकद, प्रत्येक रकान्याला गुण आणि गुणांना भारांक. तुमची सून मागून डोकावून म्हणाली, "लग्नाच्या वेळी माझी पण केली होतीस का रे अशी?" महिनाभर मी त्या शीटमध्ये पडीक होतो. एकाही रायफलीला हात लावला नव्हता.

दर जूनमध्ये आपण शाळेचे बूट घ्यायला जायचो ते आठवतंय? दुकानदार माप घ्यायचा आणि तुम्ही म्हणायचात, "दोन नंबर मोठा द्या, वाढतं अंग आहे." कारखान्यात पुंगळी केसभर जास्त भरली तर ती बाद करणारे तुम्ही, पोराच्या बुटात मात्र बोटभर कापूस कोंबायचात. शर्ट गुडघ्यापर्यंत, चड्डीला आत चार बोटं दुमडलेलं कापड. मी त्या बुटांत फटक फटक करत वर्गात जायचो, आणि पाय बुटाएवढा होईपर्यंत बूट फाटलेला असायचा. तक्रार करत नाही, आपल्या सगळ्या गल्लीतली पोरं तशीच चालायची. पण इतक्या वर्षांनी अमेरिकेतल्या एका दुकानात काउंटरसमोर उभं राहून मी तेच केलं. विक्रेत्याने विचारलं, कशाची शिकार करता? मी म्हटलं, हरणाची. तो म्हणाला, मग ही मधली पुरे. मी म्हटलं, पण उद्या एल्कला गेलो तर? परवा कोणी मूसला, म्हणजे एल्कहूनही मोठ्या जनावराला, नेलं तर? तो खांदे उडवून म्हणाला, मग मोठ्या काडतुसाची ही तीनशे मॅग्नम घ्या, त्यात सगळं येतं. एकदाच घ्यायची तर मोठीच घ्यावी, हा विचार मला इतका घरचा वाटला की मी पुढे काही विचारलंच नाही. शिवाय तिचं वजन कमी, डोंगर चढायला बरी. मिनेसोटात डोंगर नाहीत हे मला ठाऊक होतं. गोळी जितकी जड आणि रायफल जितकी हलकी तितका खांद्याला धक्का जास्त, हेही ठाऊक होतं, त्याचा रकाना होता शीटमध्ये. मी त्याला भारांक कमी दिला होता.

हे लिहिताना कारखान्यातला तो कुटुंबांचा दिवस आठवतोय. वर्षातून एकदा घरच्यांना आत सोडायचे. मी नववीत असेन. तुम्ही मला तुमच्या टेबलाशी उभं केलंत. समोर पुंगळ्यांचा ट्रे आणि पोलादाचं एक भोक, ज्यात बरोबर मापाची पुंगळी आपल्या वजनाने उतरते. मी एक घातली, ती अर्ध्यात अडकली, म्हणून मी अंगठ्याने दाबली आणि ती बसली. मी खूश होऊन वर बघितलं तर तुमचा चेहरा उतरलेला. आजूबाजूला तुमचे साहेब, त्यांच्या बायका, सगळे होते. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "ढकलू नकोस. ढकललं की सगळंच बसतं." मग तुम्ही ती पुंगळी काढलीत आणि बाद पेटीत टाकलीत. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही. मारलं असतंत तर बरं, पण तुम्ही कधी मारलं नाहीत. त्या वयात मला वाटलं, माझा बाप एका पुंगळीवरून मला चारचौघांत कमी लेखतो.

नवी रायफल माझ्या खांद्यात बसली नव्हती. दस्ता माझ्या हाताला लांब, मान पुढे काढल्याशिवाय दुर्बिणीत पूर्ण चित्र दिसायचं नाही. मी मान पुढे काढली. पहिल्याच दिवशी धक्क्याने दुर्बीण मागे आली आणि उजव्या भुवईवर अशी कोरीव चंद्रकोर उमटली की मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी कौतुकाने विचारलं, हे काय नवीन? कपाटाचं दार लागलं, म्हटलं. त्यानंतर काय झालं ते माझं मलाही नीट कळलं नाही. चाप ओढायच्या आधीच अंग आक्रसायला लागलं. डोळे मिटायचे. कागदावरच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जायला लागल्या. मी दुर्बिणीला दोष दिला, काडतुसांना दिला, वाऱ्यालाही दिला. रायफल चुकीची निवडली असं म्हणायची माझी तयारी नव्हती, कारण शीटमध्ये ती पहिली आलेली होती.

आणि तशीच ती घेऊन मी दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात हरणाला गेलो. शेजाऱ्यांना गुडघ्याचा त्रास होता, मी एकटाच. दुपारी एक नर आला, ऐंशी पावलांवर, आडवा उभा. मुलांच्या त्या वर्गात दाखवतात अगदी तसा. शेजाऱ्यांच्या जुन्या रायफलीने मी तो डोळे झाकून मारला असता. या रायफलीने मी खरोखरच डोळे झाकले. आवाज झाला, हरीण कमरेत वाकलं आणि पळालं. ते उभं होतं तिथे रक्त होतं, पुढे पाणकणसांच्या दलदलीत शिरेपर्यंत थेंब थेंब रक्त होतं, आणि मग पाणी लागलं आणि रक्त दिसेनासं झालं. मी शोधलं. मिळालं नाही.

घरी आलो तेव्हा तुमची नात याच टेबलाशी बसली होती, कॉलेजच्या अर्जांचे दिवस होते तिचे. "काय झालं?" म्हणाली. मी बूट काढत म्हटलं, "मिस झालं." पुढेही काहीतरी म्हणणार होतो, खरंच म्हणणार होतो, पण ती उठली आणि मला मिठी मारून म्हणाली, "इट्स ओके बाबा. निदान त्याला लागलं तरी नाही." आणि माझ्यासाठी चहा ठेवला. मी मूग गिळून तो चहा प्यायलो. पुढच्या आठवड्यात तिने अर्जासाठीचा निबंध वाचायला दिला. त्यात होतं की माझे बाबा शिकारीला जातात, पण खात्री नसेल तर चाप ओढत नाहीत, रिकाम्या हाताने परत येतात, आणि जनावराबद्दलचा आदर मी त्यांच्याकडून शिकले. मी म्हटलं, छान आहे, तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम घाल. त्या निबंधावर तिला प्रवेश मिळाला असं ती अजून सांगते.

शेजाऱ्यांना मात्र मी खरं सांगितलं. ते मला रेंजवर घेऊन गेले आणि म्हणाले, रायफल मी भरतो, तू फक्त चाप ओढ. मधेच त्यांनी दारू नसलेलं, नुसतं दिसायला काडतूस असं एक भरलं. मी चाप ओढला, टक् आवाज झाला आणि मी नसलेल्या धक्क्याला घाबरून नळी खाली मारली. ते म्हणाले, "रायफल चांगली आहे. तुला जास्त होते." विकून टाक म्हणाले. मी विकली नाही आणि वापरलीही नाही. गेल्या वर्षी पाठ दुखते म्हणून शिकारीलाच गेलो नाही. ते आता मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेले, आणि हे माहीत असलेलं दुसरं कोणी इथे उरलं नाही.

काल संध्याकाळी तुमची नात सुट्टीला घरी आली आणि स्वयंपाकघरात पुन्हा तोच विषय. मी पोळ्या भाजत होतो, ती ओट्यावर चढून बसली होती.

"बाबा, मला तुझीच हवीये."

"ती तुला जड जाईल."

"वजनाला? शी इज सो लाइट!"

"धक्का जास्त आहे तिला."

"सो? तू मारतोस ना?" मग थोडं थांबून, "इज इट बिकॉज आय ॲम अ गर्ल?"

"काहीही काय बोलतेस."

"देन व्हॉट? तुला वाटतं मला जमणार नाही. जस्ट से इट."

माझी पोळी करपली. तिला जमणार नाही असं मला वाटत नव्हतं. मला जमलं नव्हतं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललो की तो निबंध, ती मिठी, सगळं तिने मागे जाऊन नव्याने तपासलं असतं. नाही बोललो तर ती माझी रायफल घेऊन जाईल, खांद्याला मार खाईल, मी घाबरलो तशी घाबरेल, आणि एखादं जनावर दलदलीत शिरेल. मी म्हटलं, शनिवारी बघू. ती ओट्यावरून उतरून दार आपटून गेली. बाबा, तुम्ही अशा वेळी काय केलं असतंत ते मला खरंच माहीत नाही. इथेच थांबतो, ऑफिसची मीटिंग आहे.

आज रविवार. दुपारचे दोन वाजलेत, तुमची सून बाहेर गेलीये आणि नात वर झोपलीये.

काल सकाळी गेलो. थंड, स्वच्छ हवा, झाडं पिवळीजर्द. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. रेंजवर बाकावर रायफल मांडली, नळी समोर, बोल्ट उघडा. तिच्या हातात मी डबा दिला आणि म्हटलं, "आधी मी मारतो, पण काडतूस तू भरायचं. यात खरी आहेत आणि खोटीही आहेत. कुठलं भरलंस ते मला सांगू नकोस."

"का?"

"बघशील."

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. पहिलं खरं निघालं. खांद्यात रट्टा बसला, गोळी कागदाच्या कोपऱ्यात. दुसऱ्या वेळी टक् झालं. नळी चार बोटं खाली गेली, माझे दात आवळलेले, डोळे घट्ट मिटलेले, आणि समोर काहीच घडलेलं नाही. कानांवरच्या जाड पट्ट्यांमुळे मला तिचा आवाज येत नव्हता, ते बरंच झालं. तिने बोल्ट उघडला, पुन्हा भरलं. आता तरी खरं असेल म्हणून मी श्वास सोडला, मनाशी दहा वेळा म्हटलं हलायचं नाही. टक्. पुन्हा तेच. दोन-अडीच वर्षांची भीती अंगात अशी मुरते की ती आपलं ऐकत नाही.

तिने कानांवरची पट्टी काढली, माझीही काढली. "बाबा, तू डोळे मिटतोस."

"माहितीये."

"आणि नळी, यू पुश इट डाउन. कधीपासून?"

"ही घेतल्यापासून."

ती थोडा वेळ समोरच्या कागदाकडे बघत राहिली. हुशार आहे, हिशोब जुळायला तिला वेळ लागत नाही. "मग त्या वर्षी तू जो मिस केलास..."

"मिस नव्हता झाला," मी म्हटलं. "लागलं होतं त्याला."

आम्ही गाडीशी आलो. डिकी उघडून तिच्या काठावर बसलो आणि मी सगळं सांगितलं. दुकान, शीट, चंद्रकोर, ऐंशी पावलांवरचा नर, पाण्यापर्यंतचं रक्त. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "यू लेट मी राइट दॅट एसे." ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मी म्हटलं, हो. "मी तो इंटरव्ह्यूत पण सांगितला, बाबा." मी पुन्हा म्हटलं, हो. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही, लाज वाटली, पण भीती गेली होती. मग तिने विचारलं ते तिच्या शिक्षणातलं होतं. "रक्त कसलं होतं? ब्राइट की डार्क?"

"काळपट."

"लिव्हर असेल. देन ही डिडन्ट गो फार. असं हरीण लांब जात नाही, जवळच कुठेतरी जाऊन बसतं." मग माझ्याकडे वळून, "किती वेळ शोधलंस?"

"अंधार पडेपर्यंत."

तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

नंतर तिने हट्टाने माझी रायफल एकदा झाडलीच. गोळी जिथे पाहिजे तिथे गेली, पण ती खांदा चोळत उठली. "नोप," म्हणाली, "व्हाय वुड एनीवन?" दुसरी गोळी तिने मागितली नाही. तिथून आम्ही दुकानात गेलो. मी शीट फोनमध्ये उघडून बसलो होतो, तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खिशात घातला. मग एकेक रायफल उचलून ती डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायची. दुर्बिणीत चित्र आपोआप पूर्ण दिसलं तर ठीक, मान हलवावी लागली तर ती खाली. पाच खाली ठेवल्या. सहावी सात मिलिमीटरची, मधल्या ताकदीची, आखूड दस्त्याची, साधी काळी. ती तिने तीन वेळा लावून पाहिली, बोल्ट दोन बोटांनी पुढे केला, मागे केला. अशा गोष्टी रक्तातून येतात वगैरे मी मानत नाही, पण मला तुमचा हात दिसला हे खरं. विक्रेता म्हणाला, एल्कला थोडी कमी पडेल, लांबून मारता येणार नाही. ती म्हणाली, "देन आय विल गेट क्लोजर." म्हणजे तुम्हाला विचारायला निघालो होतो त्याचं उत्तर तुमच्या नातीने दिलं. आज जी खांद्यात बसते आणि जिला आपण घाबरत नाही, ती सगळ्याला चालते. उरलेलं अंतर आपण चालायचं. माझी रायफल मी तिथेच विकायला ठेवून आलो.

येताना गाडी ती ड्राइव्ह करत होती. हायवेला लागल्यावर म्हणाली, "बाबा, मी फ्रेंड्सना तुझी ती स्टोरी सांगते ना, की तू शुअर नसलास तर शूट करत नाहीस."

"हं."

"आता नाही सांगणार. आता वेगळं सांगेन." तिचे डोळे रस्त्यावर होते, आवाज पूर्वीसारखा मऊ झाला होता. "सांगेन की त्याच्याकडून चूक झाली, पण तो अंधार पडेपर्यंत त्या हरणाला शोधत होता. दॅट्स अ बेटर स्टोरी ॲक्च्युअली."

मी खिडकीबाहेर बघितलं.

बाबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहितोय. त्या दिवशी पाणकणसांच्या कडेला माझा पाय बर्फाच्या पातळ पापुद्र्यातून पाण्यात गेला. मोजे भिजले. पुढे जायचं तर गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं असतं. मला कोणाचा फोन आला नव्हता, घरी काही काम नव्हतं, कोणी वाट बघत नव्हतं. मी वळलो आणि गाडीकडे चालायला लागलो. मागे वळून एकदा बघितलं तेव्हा पाणकणसांच्या शेंड्यांवर ऊन होतं. अजून चांगला तासाभराचा उजेड होता.